ज्यांच्या नावाचा कागद नव्हता

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं प्यायली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, हेही पाठ्यपुस्तकात सापडतं. पण या दोन्ही वेळी भरलेल्या परिषदांना ज्या बायका आल्या त्या कोण होत्या? कुठल्या गावाहून निघाल्या, मागं राहिलेली पोरं कुणाच्या हवाली केली, परत गेल्यावर गावानं आणि घरानं त्यांना काय सुनावलं? १९८०च्या दशकात उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हे प्रश्न हाती घेतले, तेव्हा त्यांची उत्तरं ठेवलेलं एकही दफ्तर नव्हतं. सरकारी अहवाल होते, वर्तमानपत्रांतल्या बातम्या होत्या, पुढाऱ्यांची चरित्रं होती. त्यांत बायका असल्याच तर गर्दीचा एक भाग म्हणून होत्या.

मग दोघींनी उरलेली एकच वाट धरली. ज्या बायका अजून हयात होत्या त्यांना घरी जाऊन गाठायचं. नोकरी-संसार सांभाळून त्या वस्त्या-वस्त्यांत, गावोगाव फिरल्या. त्या पायपिटीतून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा सहभाग त्यात आधी कालक्रमानं मांडलेला आहे आणि नंतर त्या बायकांच्या मुलाखती आहेत. मराठीत मौखिक इतिहासाची जी थोडी कामं भक्कम पायावर उभी आहेत, त्यांत या पुस्तकाला मी अगदी वरचं स्थान देईन. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी ते इंग्रजीत नेलं आणि जगभरच्या अभ्यासकांच्या हाती पोचवलं.

म्हाताऱ्या माणसाला बोलतं करणं हे कसबाचं काम आहे. १९२७ साली विशीत असलेली बाई १९८५च्या सुमाराला ऐंशीच्या घरात असणार. तिला साल विचारलं तर ते सांगता येत नाही. ‘आम्ही काय केलं, सगळे गेले म्हणून आम्हीही गेलो,’ असं म्हणून ती विषय संपवते. शेजारी मुलगा किंवा नवरा बसलेला असेल, तर तिच्याऐवजी तोच बोलू लागतो. सून आतून ऐकत असेल, तर सासू जपून बोलते. पण हाच प्रश्न वस्तूच्या वाटेनं विचारला, म्हणजे त्या दिवशी लुगडं कोणतं नेसली होतीस, भाकरी कशात बांधून घेतली होतीस, सोबत कोण होतं असं विचारलं, की आठवण मोकळी होते. सालाचं गणित नंतर बसवता येतं. थोरली पोर तेव्हा पोटात होती की पाळण्यात होती, एवढं कळलं तरी वर्ष सापडतं.

या शोधातून काय हाती लागलं ते पाहण्यासारखं आहे. महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. जातीची खूण दाखवणारं नेसणं आणि अंगभर कथला-चांदीचे दागिने सोडून द्या, असं त्यांनी सांगितलं, आणि तिथल्या बायकांनी लगोलग लुगडं नेसायची पद्धत बदलली. जातव्यवस्था अंगावर कशी नेसवली जाते आणि ती अंगावरून कशी उतरवायची, हे त्या बायकांनी एका रात्रीत करून दाखवलं. २० जुलै १९४२ला नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि सुमारे २५ हजार बायका जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एकाहून अधिक लग्नांना बंदी असावी, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना भरपगारी रजा मिळावी, असे ठराव तिथं झाले. हिंदू कोड बिल संसदेत यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. लहान वयात हमाली करणाऱ्या आणि पुढं नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी याच पटावर भेटतात. पुणे कराराच्या विरोधातल्या १९४६च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या नाशिकच्या शांताबाई दाणीही भेटतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात बायका तान्ही मुलं घेऊन तुरुंगात गेल्या. ही सगळी माहिती कुणाच्या तरी घरात होतीच. फक्त ती विचारायला कुणी गेलं नव्हतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवॅक्स यांनी १९२५ साली मांडलं की माणूस एकट्यानं आठवत नाही. कुटुंब, धर्म, सामाजिक वर्ग यांनी आखून दिलेल्या चौकटीत तो आठवतो, आणि चौकट मोडली की आठवणही विरते. पुढं जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी त्यात काळाचं माप घातलं. तोंडी सांगितली जाणारी आठवण साधारण तीन पिढ्या, म्हणजे ऐंशी ते शंभर वर्षं टिकते. त्या मुदतीत ती ग्रंथ, गाणं, स्मारक, सण अशा कुठल्या तरी टिकाऊ रूपात गेली नाही, तर सांगणाऱ्याबरोबर संपते. राजघराण्यांना, देवस्थानांना, वतनदारांना हे रूपांतर करून देणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली होती. बखरकार होते, भाट होते, वह्या लिहिणारे पंडे होते. गावकुसाबाहेरच्या माणसाचं नाव वहीत यायचं ते वेठ कुणी करायची हे ठरवताना. म्हणून या समाजाला आपली स्मृती टिकवण्याची सारी यंत्रणा शून्यातून आणि स्वतःच्या खिशातून उभी करावी लागली.

त्यातली सगळ्यात जुनी यंत्रणा घरातच होती, ती म्हणजे जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी मावळ-मुळशीकडच्या डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचं काम करता करता बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. राज्यभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांकडून १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांत बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी रमाई नात्यातल्या माणसांसारखी येतात. घरी पाहुणा यावा तसे भीमराव येतात, वहिनीची विचारपूस करावी तशी रमाईची होते. पुढारी म्हणून व्यासपीठावर उभा असलेला माणूस ओवीनं माजघरात आणून बसवला. इतिहास आणि कुटुंब यांच्यातली भिंत इतक्या सहज पाडणारं दुसरं साहित्य मला माहीत नाही. पण गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओवी दळण्याच्या लयीत आठवते. हात थांबला की ती जिभेवर येईनाशी होते. त्यामुळे ओव्या गोळा करणाऱ्यांना पुष्कळदा बाईला पुन्हा जात्यापाशी बसवावं लागलं. आज यातल्या हजारो ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं असतं. लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नाही असं धरून चालण्याची आपली जुनी खोड या संग्रहानं मोडली.

घरात ओवी होती, तसा चौकात जलसा होता. तमाशाचाच साचा घेऊन, पण गण-गौळणीच्या जागी महाड-नाशिकच्या लढ्याच्या कथा घालून भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांचे संच गावोगाव फिरत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, तेव्हाच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना लढ्याची बातमी वर्तमानपत्रातून नव्हे, तर ढोलकीच्या साथीनं कळली. पुढं वामनदादा कर्डकांनी हे काम आयुष्यभर केलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा मुलगा मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं शिकला आणि त्यानं हजारो गाणी लिहिली. २००४ साली ते गेले तेव्हा त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक भीमजयंतीत गायली जात होती. गाणाऱ्यांपैकी कित्येकांना ती कुणाची आहेत हे ठाऊकही नव्हतं. गीतकाराचं नाव गळून गाणं उरलं हा त्या गाण्याचा मोठेपणा खरा, पण मला त्याची हळहळही वाटते.

लिहिलेल्या शब्दाकडं वळलं की सुरुवात १८५५ साली होते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या लोकांना जमिनीवरून कसं हुसकावलं, इमारतींच्या पायात कसं पुरलं, हे ती लिहिते. चौदा वर्षांच्या मुलीनं हे पाहिलेलं नव्हतं. तिनं ते ऐकलं होतं, म्हणजे कुणीतरी तिला सांगत होतं. त्या निबंधात एका समाजाची तोंडी स्मृती पहिल्यांदा छापील कागदावर उतरते, आणि ती उतरवणारी एक मुलगी आहे.

तिथून पुढं शंभराहून अधिक वर्षांनी, १९७८ साली, दया पवारांचं ‘बलुतं’ येतं. त्यापाठोपाठ सोनकांबळे, शंकरराव खरात, लक्ष्मण माने, शरणकुमार लिंबाळे यांची आत्मकथनं आली. या पुस्तकांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथं एकच गोष्ट सांगतो. ‘बलुतं’ आलं तेव्हा नाराज झालेल्यांत शिकून शहरात स्थिरावलेले दलितही होते. झाकून ठेवलेलं कशाला उकरून काढायचं, हा त्यांचा सवाल होता. आडनाव बदलून, वस्ती सोडून, मोठ्या मुश्किलीनं अदृश्य झालेल्या माणसाला आपल्याच माणसानं पुस्तकातून पुन्हा ओळखीचं करून टाकावं, ही वेदना खोटी नव्हती. कुटुंबाची स्मृती जाहीर करणारा लेखक आपलंच एकट्याचं आयुष्य चव्हाट्यावर मांडत नाही. आई, बहीण, बायको, चुलता या सगळ्यांचं आयुष्य तो त्यांना न विचारता मांडतो. दया पवारांनी या पेचावर एक वाट काढली. पुस्तकात दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवार नावाच्या माणसाला आपली कहाणी सांगतो. एकाच देहातले हे दोघे. एक विसरू पाहणारा, दुसरा विसरू न देणारा.

बायकांच्या आत्मकथनांत हा पेच आणखी आवळत जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८०च्या दशकात आलं आणि १९९०च्या सुमाराला ‘नाजुका’ या मालिकेच्या रूपानं दूरदर्शनवरही दिसलं. पण मला थांबावंसं वाटतं ते बेबीताई कांबळे यांच्यापाशी.

बेबीताई १९२९ साली पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात, आजोळी जन्मल्या आणि फलटणला नांदल्या. लग्नानंतर त्यांनी घरात छोटं किराणा दुकान चालवलं. माल बांधायला रद्दी यायची. पुडी बांधण्याआधी त्या कागदावरचा मजकूर वाचायचा, असं करत त्यांचं शाळेत राहून गेलेलं वाचन पुन्हा सुरू झालं. मग लिहिणं सुरू झालं, तेही नवरा आणि घरातली माणसं यांच्यापासून लपवून, दुकानात बसून. वीसेक वर्षं ते लिखाण घरातच दडलेलं राहिलं. फलटणला राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना त्याचा सुगावा लागला आणि त्यांनी बेबीताईंना ते छापण्याचा धीर दिला. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ला ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं.

या पुस्तकात बेबीताई स्वतःबद्दल फार थोडं सांगतात. महारवाड्यातली बाळंतपणं, उपाशी बाळंतिणी, अंगात येणं, आषाढातल्या जत्रा, सासूकडून सुनेचा होणारा छळ, पळून गेलेल्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा, हे सारं त्या सबंध वाड्याच्या तोंडून बोलावं तसं सांगतात. पुढं मुलाखतीत अनुवादक माया पंडित यांनी त्यांना त्यांच्या संसाराबद्दल विचारलं. नवऱ्यानं संशयापायी मारहाण केल्याचं त्यांनी सांगितलं. मग ते पुस्तकात का नाही, तर ते बहुतेक सगळ्याच बायांच्या वाट्याला येत होतं, आपल्याला समाजाचं जिणं लिहायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. कुटुंबाची स्मृती आणि समाजाची स्मृती यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी समाजाची निवडली, आणि घरातलं दुःख गिळून टाकलं. मी या निवडीपुढं मान झुकवतो. तरीही त्या मुलाखतीशिवाय ते पुस्तक वाचू नये असं मला वाटतं. मारहाणीची जी गोष्ट सगळ्यांच्या घरात घडते म्हणून लिहायची राहते, ती घराघरांतून तशीच चालू राहते.

उर्मिला पवारांनी २००३ साली ‘आयदान’मध्ये नेमकं हेच राहिलेलं लिहिलं. फणसवळ्याच्या डोंगरातून रत्नागिरीच्या बाजारात लाकूडफाटा, गवत, आंबे वाहून नेणाऱ्या बायका, मुलगा गेल्यावर सूप-टोपल्या विणत आणि हुंदके देत बसलेली आई, हे त्यात आहे. त्याच पुस्तकात चळवळीत बोलणारा आणि घरात नवरेपणा गाजवणारा पुरुषही आहे. दुसऱ्यांच्या मुलाखती घेत फिरलेल्या बाईनं अखेर स्वतःची मुलाखत घेतली, आणि त्यात सवलत दिली नाही. सुषमा देशपांडे यांनी या पुस्तकाचं नाटक केलं. जे पुस्तकातून वाचलं जाणार नाही ते मग रंगमंचावरून ऐकवलं गेलं.

कागदपत्रं सांभाळणाऱ्यांची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती बरीच परिचित आहे. चांगदेव खैरमोडे बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांच्याविषयीचा कागदन्‌कागद जमवत होते. त्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली आला, एकूण बारा झाले, आणि खैरमोडे १९७१ साली गेल्यानंतरचे खंड त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंच्या जिद्दीमुळं वाचकांपर्यंत पोचले. बाबासाहेबांचं अप्रकाशित लेखन दीर्घकाळ कोर्टकचेरीत अडकलं होतं. १९७९पासून राज्य सरकारनं ते खंडांच्या रूपात छापायला घेतलं, त्याचे संपादक वसंत मून, म्हणजे मीनाक्षी मून यांचे पती. १९८७च्या खंडातल्या राम-कृष्णांविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठलं, ते वगळण्याची मागणी झाली, तेव्हा १९८८च्या सुरुवातीला मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. मोर्चातल्या असंख्य माणसांनी तो इंग्रजी खंड वाचलेला नव्हता आणि वाचण्याइतकं शिक्षणही त्यांना मिळालं नव्हतं. एका पुस्तकातली पानं फाडली जाऊ नयेत म्हणून ते रस्त्यावर आले. अखेर या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही, अशा तळटीपेवर तडजोड झाली आणि मजकूर राहिला. चळवळीनं ग्रंथाचं रक्षण केलं, असं अक्षरशः म्हणता येईल असा हा प्रसंग आहे.

आता चित्रपटाकडं येऊ. ७ डिसेंबर १९५६ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती चित्रफितीवर टिकून राहिली याचं मोठं श्रेय नामदेवराव व्हटकर यांना जातं. लेखक आणि चित्रपट करणारे व्हटकर पदरमोड करून कॅमेरा आणि फिल्म जमवून त्या गर्दीत उतरले. रडणारी, धावणारी, झाडांवर आणि गच्च्यांवर चढलेली लाखो माणसं आज आपण पाहू शकतो, ती अशा धडपडीमुळं. त्या फितीत आपला आजा दिसतो का म्हणून ती पुन्हापुन्हा थांबवून पाहणारी माणसं आहेत. एकाच फितीत समाजाचा इतिहास आणि घरचा फोटो दोन्ही सापडण्याची शक्यता असते. छापील शब्दाला हे जमत नाही.

चाळीस वर्षांनंतर, ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन त्यांना ओळखत होते. ‘हमारा शहर’ या आपल्या १९८५च्या माहितीपटात त्यांनी घोगऱ्यांचं गाणं चित्रित केलं होतं. आता त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षं तो खाली ठेवला नाही. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला, तीन तासांहून लांब. इतकी वर्षं का लागली याचं उत्तर त्या चित्रपटातच आहे. गोळीबाराची बातमी आठवड्यात जुनी होते, पण मेलेल्यांच्या घरातला खटला, साक्षी, वाट पाहणं हे संपत नाही. २००९ साली गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली, तोवर एक पिढी मोठी झाली होती. कॅमेरा तिथं टिकून राहिला म्हणून आपल्याला त्या बारा वर्षांची लांबी कळते. आणि त्या वर्षांत वस्तीत गाणं थांबलं नाही, हेही कळतं. हा चित्रपट मुंबईतल्या चाळीत-वस्त्यांत पडदे लावून दाखवला गेला. ज्यांची कहाणी त्यांना ती आधी दाखवणं, हा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो.

कथापटांनीही आपापल्या परीनं हे काम केलं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधल्या लोकशाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार होते. त्यांची देहबोली कुठल्या अभिनयशाळेतून आली नव्हती, ती सभांतून आली होती. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त नायक जब्याच्या घरची माणसं डुक्कर खांद्यावरून वाहून नेतात, तेव्हा मागच्या शाळेच्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. संवाद काहीच नाही, पण दोन शतकांचा झगडा त्या एका चौकटीत मावतो. सोमनाथ वाघमारे यांच्यासारखे तरुण दिग्दर्शक आता भीमा कोरेगाव आणि चैत्यभूमी हेच माहितीपटाचे विषय करतात. त्यांच्या घरचीच माणसं त्या गर्दीत चालत आलेली आहेत.

स्मृतीला जागा आणि तारीख लागते. भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी १८१८च्या लढाईनंतर आपल्या पलटणीच्या शौर्यासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या दगडावर कोरलेल्या महार शिपायांच्या नावांकडं त्यांनी लोकांचं लक्ष वेधलं. साम्राज्याचं स्मारक त्या दिवसापासून हळूहळू दुसऱ्यांच्या मालकीचं होत गेलं. ते बळ किती आहे याची साक्ष २०१८ साली तिथं जमलेल्या लोकांवर झालेल्या हल्ल्यांनीही दिली. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरला, दादरला येणाऱ्या गर्दीबद्दल वर्तमानपत्रांत वाहतुकीच्या बातम्या येतात. त्या गर्दीत शिवाजी पार्कवर जी पुस्तकं खपतात, तसा पुस्तकबाजार महाराष्ट्रात विरळा. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, दिनदर्शिका, गाण्यांचे संच, तसबिरी. भूक मारून आलेली बाई नातवासाठी पुस्तक विकत घेते. समीक्षकांना ज्यांची नावं माहीत नाहीत असे लेखक तिथं वाचले जातात. आणि २५ डिसेंबर हा दिवस दलित स्त्री संघटनांनी भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळायला घेतला, त्यामुळं महाडच्या परिषदेला आलेल्या बायकांना निदान एक तारीख मिळाली.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ज्यांनी पंधराव्या वर्षी धम्मदीक्षा घेतली, ते आता पंचाऐंशीच्या आसपास आहेत. आसमान यांनी सांगितलेली तीन पिढ्यांची मुदत आपल्या डोळ्यांदेखत सरते आहे. पवार-मून यांना टेप आणि फिती जमवाव्या लागल्या असतील, आज प्रत्येक घरात ध्वनिमुद्रण करणारं यंत्र आहे, ते फक्त आजी-आजोबांसमोर ठेवायचं आहे. पण नुसतं भाषण ध्वनिमुद्रित करू नये. बाबासाहेबांबद्दल विचारलं तर जयंतीच्या सभेतलं ठरीव बोलणंच ऐकू येतं. त्यापेक्षा नागपूरला कसं गेलात, तिकिटाचे पैसे कुठून आणले, पांढरं लुगडं कुणाचं मागून नेसलं, घरातले देव कुणी काढले, काढून कुठं नेले, आणि ते काढताना घरात रडलं कोण, असं विचारावं. देव विहिरीत टाकले त्या रात्री आईला झोप आली का, हा प्रश्न धर्मांतरावरच्या किती ग्रंथांत आहे? आजीला एकटीला गाठावं. आजोबांना तेवढ्या वेळापुरतं बाहेर फिरायला न्यावं. चुलत्यांची भांडणं, पळून गेलेली आत्या, मोठ्या नेत्यानं घरी येऊन दिलेला त्रास, हेही निघेल. ते लगेच जाहीर करायची गरज नाही, पण पुसून टाकू नये.

ध्वनिमुद्रण झालं की बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख फाइलवर घालावी आणि तिची एक प्रत त्या घरातच द्यावी. दुसरी प्रत कुठं ठेवायची, हा प्रश्न मात्र एकट्या कुटुंबाचा नाही. राज्यातल्या विद्यापीठांत आंबेडकर विचारांचे विभाग आणि अध्यासनं आहेत, तिथं दर वर्षी चर्चासत्रं भरतात. त्यांनी ध्वनिमुद्रणं स्वीकारण्याची, त्यांची सूची करण्याची आणि ती कुणालाही ऐकू देण्याची सोय करावी, अशी मागणी आता लावून धरायला हवी. तोवर वस्तीतल्या विहाराच्या ग्रंथालयात एक कपाट यासाठी रिकामं करता येईल, आणि ते या पावसाळ्याच्या आत करता येईल.